छेद

क्लीथॉर्प्सच्या वाळूत, ओहोटी लागली की
यंत्र घेऊन फिरतो मी, निवृत्त झाल्यापासून.
ते कुंई करतं, मी खुरप्यानं उकरतो.
सात वर्षांची वही आहे:
बिअरच्या डब्यांच्या कड्या दोन हजार एकशे चार,
खिळे, बुचं, एका तंबूची अख्खी मेख,
आणि अंगठ्या तीन. त्यातली एक पितळेची.

शेजारचा डेरेक नवशिका. यंत्र महागडं.
सोनं असलं तर हमखास ओरडतं म्हणे.
ओरडेल की, मी म्हणतो,
पण कडीलाही ओरडतं ना अधूनमधून?
मग या वाळूत कड्या किती नि सोनं किती
ते आधी मोज, बाबा.
मोठा शहाणा मी.

मार्चमध्ये ग्रिम्सबीच्या इस्पितळातून पत्र आलं, कुंदाच्या नावाचं.
फोटोत काहीतरी दिसलंय, मंगळवारी परत या.
खाली लिहिलं होतं:
शंभरातल्या चौघींना असं बोलावतो आम्ही,
त्या चौघींतल्या तिघींना काही नसतं.
ते मी वाचलं नाही.
म्हणजे वाचलं, डोळ्यांनी.

रात्रभर हिशेब चालला तो निराळाच.
तिची मालूमावशी.
पोस्टातल्या शीलाच्या डोक्यावरची ती लोकरीची टोपी, ऐन जूनमध्ये.
ज्यांना काही झालं नाही
त्यांची नावं कुणी सांगत नाही रात्री.
बर्वे मास्तर पट्टी आपटायचे फळ्यावर:
छेद विसरलास, कार्ट्या,
नुसत्या अंशावर नाचतोस!

कुंदा चहा गाळताना म्हणाली,
"तुमच्या कड्यांसारखंच ना हे?"
हो म्हणालो.
आणि साखर दोनदा घातली.

मंगळवारी त्या खोलीत आठ बायका होत्या.
म्हटलं, सहा जणी सुखरूप घरी.
मग उरलेल्या दोघी कोण, ते शोधू लागलो:
ती खोकणारी? ती, एकटीच आलेली?
एकीनं माझ्याकडे बघून हसून
मासिक पुढे केलं, बागकामाचं.
मान वर करवेना.

"एवढासा छेद दिला," कुंदा कोट चढवत म्हणाली,
"टाकासुद्धा नाही. गुरुवारी सांगतील."

आज बुधवार. ओहोटी लांबवर गेलीय.
धक्क्याजवळ यंत्र कुंई करतंय, एकाच जागी.
कडीच असणार. वही तेच सांगते.
खुरपं खिशात आहे.
मी उभा आहे.