बावीस मिलिमीटर

रात्री पावणेबाराला देवळालीकडून तोफांचा आवाज आला
आणि मी पलंगाखाली.
आई दिवा लावून दारात उभी.
"अगं, सराव आहे. लहानपणापासून ऐकतेस की."
खरंच ऐकतेय.
खिडकीच्या काचा थरथरायच्या
आणि आम्ही पाढे म्हणत राहायचो.
आमच्याकडे तोफा वेळ ठरवून वाजतात.

तिथे वेळ ठरलेली नव्हती.
नदी होती. नाईल,
आमच्या गंगेहून कितीतरी रुंद, आणि घाट नसलेली.
आपण गोदावरीला गंगा म्हणतो,
तसं त्यांचंही तिला घरातलं काही नाव असेल.
विचारायचं राहिलं.
तिच्या काठच्या पत्र्याच्या शेडमध्ये
अकरा महिने मी पाय केले.

सातपूरला बापूंच्या लेथवर हात बसलेला,
म्हणून मला निवडलं असावं.
प्लास्टरचा साचा, प्लास्टिकची चादर, भट्टी,
तीन बोल्ट, ॲल्युमिनियमची नळी, रबरी पाऊल.
पावलं आली ती गव्हाळ रंगाची.
न्याकुओथ म्हणाली
(दुभाष्याने हसू आवरत सांगितलं),
"हा कुणाचा पाय? मेलेल्या माणसाचा?"
मग आम्ही त्याला बुटाचं काळं पॉलिश फासलं.
नऊ वर्षांची होती. सुरुंगाबद्दल कधी बोलली नाही.
शेळीबद्दल बोलायची,
जी त्या दिवशी तिच्या पुढे चालत होती.

इथे आल्यावर सत्कार झाला.
कॉलेज रोडच्या हॉलमध्ये. शाल, श्रीफळ,
आणि तांब्याचा गडू, खास तांबट आळीतला.
"मृदुलाताई खैरनार यांनी मृत्यूच्या छायेत..."
निवेदकाला माईक सोडवेना.
कुणी विचारलं, किती जणांना उभं केलंत?
रजिस्टरात दोनशे चौदा.
टाळ्या.
मला सांगायचं होतं
की वाढत्या मुलाचा पाय सारखा बदलावा लागतो,
हाड थांबत नाही, लढाई असो, नसो.
तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं
आणि बाहेरून कढी-खिचडीचा वास.

काम संपलं नव्हतं. आम्हाला काढलं.
एका सकाळी पलीकडच्या काठावर धूर,
विमानात सोळा जागा,
आणि माझ्या हातात पासपोर्ट.
ती निळी वही काय असते, ते त्या दिवशी कळलं.
न्याकुओथ धावपट्टीच्या कडेला आली होती.
तिला वाटलं असेल, रोजच्यासारखं चालून दाखवायचंय.
मीच शिकवलेलं:
टाच आधी, मग चवडा,
खाली नाही बघायचं, वर बघ.
ती वर बघत होती.

पुढचं माप द्यायला जिला थांबता येत नाही
तिने पहिलं तरी का घ्यावं?
बापू म्हणतात, "मग काय, रांगू द्यायचं होतं तिला?"
बापूंकडे उत्तर असतं.
माझ्याकडेही तेच उत्तर आहे,
फक्त ते रात्री टिकत नाही.

काल कनक, माझी भाची, चौकटीला पाठ लावून उभी राहिली.
पेन्सिलची रेघ, मागच्या दिवाळीच्या रेघेपासून
दोन बोटं वर.
सगळे हसले.
मी पट्टी आणून मोजलं.

आज शटर अर्धं उचलून आत शिरले.
बापूंनी काही विचारलं नाही, बाजूला सरकले.
ॲल्युमिनियमचा तुकडा चकमध्ये धरला.
बावीस मिलिमीटर,
दोन्ही तोंडं घासून गुळगुळीत,
मधून भोक, बोल्टच्या मापाचं.
एवढी वाढली असेल. कदाचित थोडी जास्त.
खोक्यात कापूस घातला, वर तुकडा, वर कापूस.
नाव लिहिलं.
सगळ्यात खाली देश लिहिला.
मधल्या तीन ओळी तशाच आहेत.

बापूंनी विचारलं, "मशीन बंद करू?"
पेनचं टोपण माझ्या दातांत होतं,
मी मानेनेच नको म्हटलं.