अर्धं सूत

स्कूटरपेक्षा स्वस्त पडली.
शालिमारच्या दुकानात हकीमुद्दीन शेठ म्हणाले,
घ्यायचीच तर घ्या, पण आधीच सांगतो,
हिच्या गोळ्या आता बाजारात येत नाहीत,
आणि ज्यांना चारचौघांत दाखवायला हवी असते
त्यांना ही चालत नाही. चकाकत नाही.

देवळाली कॅम्पातल्या पिरोजाबाईंची.
म्हणजे नवऱ्याच्या लायसनवरची. त्याच्याआधी कुणाची, कोण जाणे.
म्हणाल्या, दिकरा, कपाटात ही होती म्हणून
तीस वरस मी त्या कपाटात साडी नाय ठेवली.

किलोभराहून जड.
मधोमध मोडते, पानाच्या डब्यासारखी उघडते,
सहा घरं एकदम समोर येतात
आणि रिकामी आहेत हे माहीत असूनही
आपण पुन्हा डोकावतोच.
मुठीखालच्या कडीत दोरीचा एक धागा अडकलाय,
मूळचा खाकी असावा.
अंगावर साल कोरलंय: एकोणीसशे सतरा.

लायसनवर कारण लिहिलंय, आत्मसंरक्षण.
शकू हसली.
रिटायर झालात तेव्हा कंपनीनं घड्याळ दिलं,
ते पुरलं नाही का वाजायला?

गोळ्या बारा. त्याही पिरोजाबाईंच्याच,
पुठ्ठ्याचा खोका हातात सुटा झाला.
रेंजवर पहिली लावली: नुसतं टक्.
तीस आकडे मोजले, नळी समोरच धरून,
मगच उघडली.
दुसरी वाजली.
कुणीतरी खांद्यापर्यंत हात हलवला,
जुनी ओळख निघाल्यासारखा.
तिसरी, चौथी, पाचवी, सहावी,
सगळ्या कागदावर एका जागी, वाटीत मावतील इतक्या जवळ,
पण मधल्या ठिपक्यापासून चार बोटं डावीकडे.

घरी आलो, भिंग लावलं.
पुढची माशी एका अंगानं घासलेली.
कारखान्यातली नव्हे, कारखाना असा घासत नाही.
बारीक कानस, तिरका हात, शेवटी पॉलिश पेपर.
सातपूरला एकतीस वर्षं लेथवर उभा होतो मी,
दुसऱ्याची कानस मला ओळखू येते.
अर्धं सूत. फार तर.
कुणीतरी हिला आपल्या मनगटाच्या वाकड्या सवयीपुरती
सरळ करून घेतली होती.

आणि कागदासाठी कुणी माशी घासत नाही.

मीही कानस काढली. शिकंज्यात फडकं घातलं, नळी धरली.
अर्ध्या तासानं फडकं वाळत घातलं,
कानस डब्यात.
शकूनं विचारलं, झालं का काम?
म्हटलं, झालं.

सहा गोळ्या उरल्यात. वापरल्या नाहीत.

इलेक्शन आलं की जमा करावी लागते.
हवालदार गांगुर्डे रजिस्टर पुढे ओढतात,
जुने रिव्हॉल्व्हर, नग एक,
मग पेन थांबवून विचारतात,
चालू स्थितीत आहे का?

डावीकडे जाते, मी सांगतो.
ते लिहून घेत नाहीत.