तेवढीच पाटी

मी प्रयोगशाळेचा नमुनेवाला.
बर्फाचा डबा, सोळा बाटल्या, सायकल.
आता मोपेड.
पहाटे होळकर पुलाखाली गंगेवर,
मग सातपूर, मग अंबडमागची वस्ती.

त्या वस्तीतल्या बोअरला एका वर्षी
आम्ही 'पिण्यास योग्य' लिहिलं.
शिक्का, सही, जावक क्रमांक.
हातपंपावर हिरवी पाटी मीच ठोकली.

अकरा आठवड्यांनी कळलं,
इनक्युबेटरचा काटा खोटं बोलत होता.
पाण्यात जंतू होते.
आमच्या पेटीत ते वाढलेच नाहीत, एवढंच.

वरच्या मजल्यावर बैठक. चहा दोनदा.
गायधनी साहेब म्हणाले, वार्षिक अहवालात घेऊ,
परिशिष्ट चार, तळटीप.
बोरस्ते मॅडम बराच वेळ
बशीतली बिस्किटं सरळ लावत बसल्या.
मग मला विचारलं, पाटी केवढी होती?
मी हातांनी दाखवली.
तेवढीच करा. तिथंच लावा. मीही येते.

लाल रंग पुरला नाही.
'आमचा अहवाल चुकला होता'
यातलं 'होता' गेरूनं लिहिलं.

द्रौपदाबाई खैरनार हंडा घासता घासता थांबल्या.
"मंग अकरा आठवडे पेलो त्या पान्याचं काय?"
मॅडमकडे उत्तर नव्हतं.
त्यांनी प्रश्न वहीत उतरवला, तारीख घातली.
एवढ्या वह्या वाहिल्या मी,
आकड्यांच्या रकान्यात प्रश्न
तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढचे दोन उन्हाळे
त्या वस्तीतून कुणी फिरकलं नाही.
मग एक दिवस खिडकीत
खोकल्याच्या औषधाची बाटली, पाण्यानं भरलेली.
मग तेलाचा कॅन.
मग लोणच्याची बरणी, वासासकट.
यात तपासता येत नाही हो,
ही आमची बाटली न्या,
झाकणाला आतून बोट लावू नका.
बाटल्या जायला लागल्या. परत यायला लागल्या.

परवा द्रौपदाबाई आल्या, सोबत नात.
नातीनं अहवाल मोठ्यानं वाचला, जावक क्रमांकासकट.
चांगला आला होता.
मी म्हटलं, आता बसला ना विश्वास?
"बसला की," कागदाची घडी पिशवीत सरकवत त्या म्हणाल्या,
"पन उकळून घेते."

मी वर गेलो.
इनक्युबेटरचा काटा
दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहिला.
रोज पाहतोच.
आज दोनदा.