मुद्देमाल क्रमांक एकोणीस

लोणच्याची बरणी, लाल झाकण.
आत खडेमीठ, मिठात कान,
कानात पिवळा बिल्ला, बारा आकड्यांचा.
मुद्देमाल खोलीत डाव्या फळीवर आहे तो,
मोहाच्या दारूच्या शिशा आणि एक विळा
यांच्या मधे.
पावसाळ्यात मीठ पाझरतं. मी बदलतो.
किलोभर मीठ कोणत्या हेडखाली टाकायचं
हे नाझरसायबांनी अजून सांगितलं नाही.

कंपनीचे वकील नागपूरहून येतात, गाडीनं.
'शर्त सात, सर : बिल्ला नाही तर दावा नाही.
दाव्याचे पैसे आम्ही दिले, म्हणजे बिल्ला आमचा.
आणि बिल्ला ज्यात अडकलाय तो कानही
ओघानंच आमचा.'
ओघानंच म्हणताना ते चष्मा काढतात.

सरकारी वकील मोहोड मॅडम आर्वीहून येतात, एसटीनं.
'हा कान डॉक्टरच्या फ्रीजमधून जप्त झाला, सर,
लसींच्या शेजारून.
कागदावर ही गाय तीनदा मेली आहे.
एकदा विजेनं, एकदा पोट फुगून,
एकदा नुसतीच.
बिल्ल्याचा शेवटचा आकडा एका फायलीत एक,
दुसरीत सात, तिसरीत नऊ.
सह्या डॉक्टरच्या, एजंटाच्या,
आणि हिरव्या शाईत यांच्या सर्व्हेअरच्या.
कान परत दिला
तर ती उद्या चौथ्यांदा मरेल.'

हशा झाला. पट्टेवाल्यानं दार वाजवलं.

मग तारीख. मग तारीख.
आंबियाची संत्री उतरली, मृगाची धरली,
एका उन्हाळ्यात कोर्टाचा बोअर आटला,
तरी युक्तिवाद कानाच्या मालकीवरच होता.

मालकीण मागच्या बाकावर.
साक्षीदार क्रमांक चार, गिरजाबाई अवथळे,
नंदगवळी, राहणार बोरखेडी.
तिची पाळी आली नाही.
टपरीवर एकदा तिनं मला विचारलं,
'बाबू, कान कसा हाये?'
दवाखान्यात भरती केलेल्या माणसाचं विचारावं तसं.
मी म्हणालो, बरा आहे.
'गाय घरीच हाये ना जी. बगळी.
दोन्ही टायमाचं दूध देते.
त्या बाजूच्या माश्या तेवढ्या मलेच हाकला लागतात,
शेपटी तेथवरी पुरत नाही.'
मंग सायबाले सांग ना.
'इचारल्याबिगर कसं सांगू?
पयल्याच दिवशी थो पट्टेवाला म्हणे,
इचारलं तेवढंच बोलजो.'

मी मोहोड मॅडमच्या कानावर घातलं.
(कानावर. दुसरा शब्द नाही सापडत.)
त्यांनी अर्ज दिला, गाय कोर्टात हजर करावी.
कंपनीचे वकील उठले, या वेळी चष्मा न काढता :
'दफ्तरी जे जनावर मृत आहे
ते हजर करण्याची तरतूद नाही, सर.'

साहेबांनी खूप वेळ लिहिलं.
पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यांवर त्यांनी
पाण्याचा पेला ठेवला.
आदेश : वरच्या कोर्टाचा निर्णय येईस्तोवर
कान जैसे थे.

बेलिफ रजेवर, म्हणून पुढचं समन्स घेऊन
मीच बोरखेडीला गेलो.
गोठ्यात नवा एजंट आला होता. नवी स्कीम,
नवा टीशर्ट, हातात बिल्ला मारायची पक्कड.
'मावशी, हप्ता सरकार भरते,
तुमचं काहीच जात नाही.'

बगळी रवंथ करत होती.
एका बाजूला कानाच्या जागी वाळल्या पानासारखी कड,
त्यावर हळद.
उरलेला कान गिरजाबाईनं
दोन्ही तळव्यांत धरला होता,
वाऱ्यात दिवा धरावा तसा नाही,
चोर धरावा तसा, घट्ट.

मी समन्स पुढं केलं.
तिनं माझ्याकडं पाहिलं, पक्कडीकडं पाहिलं.
हात काढले नाहीत.

समन्स गव्हाणीत कडब्यावर ठेवलं
आणि बजावणी अहवालात लिहिलं :
व्यक्ती जागेवर मिळून आली.
सही नाही.
हात मोकळे नाहीत.