चारपासून मोजायचं

गेटवर खिसे रिकामे होतात.
मोबाइल सतरा नंबरच्या खणात.
रजपूत काका सगळ्यांकडे काड्यापेटी मागतात,
माझ्याकडेही, दर वेळी,
आणि दर वेळी मीच ओशाळते, नसल्याबद्दल.

परमिटवर तीन सह्या. चौथी माझी:
मंदाकिनी गांगुर्डे, इन्स्ट्रुमेंट.
गॅस डिटेक्टर कमरेला, मुका.
तो मुका आहे तोवर चढायचं.

कॉलमच्या चौथ्या माळ्यावर नवा ट्रान्समीटर बसवायचाय.
इथूनच स्पिरिटची वाफ वर जाते,
दिसत नाही, गोडसर वास तेवढा.
तिला एक ठिणगी पुरते.
ठिणगीचं वय, गाव, हेतू
ती विचारत बसत नाही.

म्हणून निळी वायर.
निळी म्हणजे मुद्दाम अर्धपोटी ठेवलेली:
पॅनल-रूममधला बॅरिअर तिला इतकंच वाढतो
की ती तुटली, घासली, शॉर्ट झाली
तरी पेटवायचं बळ अंगात नसावं.
काळ्या केबलशेजारी तिला झोपवायचं नाही.
खोंडे साहेब पहिल्या दिवशी म्हणाले होते,
"पोरी, हे पथ्याचं जेवण आहे. वरून मीठ घालू नकोस."

शेजारचा काळ्या केबलचा जंक्शन बॉक्स
लाइन तोडून, टॅग लावून, मग उघडला.
रिकाम्या भोकात, जिथे पितळी बूच हवं,
तिथे कुंभारणीनं घर लिंपलेलं.
कोरडी माती, कडा बोट फिरवल्यासारखी गोल,
आत कोळ्याचा एक पाय.
किती वर्षं आगीच्या वाटेवर
एवढीशी मातीच उभी होती
आणि रजिस्टरमध्ये दर सहा महिन्यांनी 'ठीक'.
सही ओळखू आली. नाव इथे लिहीत नाही.

खरवडताना हात जरा थबकला.
मग खरवडलं. मातीला सर्टिफिकेट नसतं.
पितळी बूच, पाच आटे पुरते आत,
सहावा माझ्या समाधानासाठी.

आता सेन्सरच्या तीन तारा: दोन लाल, एक पांढरी.
फेरूल दाबून प्रत्येक ओढून बघायची,
दाव्याची गाठ ओढून बघतात तशी.
शिल्डला अर्थिंग एकाच टोकाला;
दोन्हीकडे दिलं
की ती इकडचं तिकडे करत फिरते.

बोटं गारठलीत. खाली पॅनलवर अंकुश.
"बोल."
"अठ्ठ्याहत्तर पॉइंट तीन देतेय."
"बारा पस्तीस."
बरोबर. इथेच स्पिरिट उकळतं.
"आता शून्य."
"चार."

या कामातलं मला हे आवडतं.
शून्य अंशाला लूपमध्ये शून्य म्हणत नाहीत,
चारपासून मोजायचं.
खरंच शून्य आलं तर समजायचं, तार गेली.
गार पडणं वेगळं,
नसणं वेगळं.

रेलिंगवरून जानोरीकडे बघितलं.
द्राक्षबागांतून शेकोट्याच शेकोट्या,
मणी तडकू नयेत म्हणून ओळीओळीतून धूर.
माणसं विस्तव विझू नये म्हणून जागी,
मफलर गुंडाळून, खोकत.
वारा इकडचा असता तर धुराचा वास आला असता.
नव्हता. तरी मी डिटेक्टरकडे एकदा बघितलंच.

खाली उतरले तेव्हा गुडघे बोलत होते.
सतरा नंबरच्या खणात आईचा मिस्ड कॉल,
कळवणहून, नऊ वाजून दोन मिनिटांनी.
पैसे वाचवायची तिची जुनी सवय,
एक घंटा, की बंद.
आता फोन फुकट लागतो तरी.

"घरी सगळं ठीक?" रजपूत काका विचारतात.
"चार," मी म्हणते.
ते मनगट दिव्याखाली धरतात,
डोळे बारीक करून बघतात,
"छे, आत्ता कुठे दीड होतोय."