खालचा थर

लायडनच्या तळघरात योहाना निळा दिवा लावते
आणि चर्मपत्रावर
पुसलेली शाई वर येते,
बुडालेलं माणूस यावं तशी.
ना नुक्ते, ना काना-मात्रा.
अक्षरांची नुसती हाडं.

"बघ यहदीह, कुणीतरी धुऊन टाकलंय हे."
आवाजात पंचनामा.

मी वलाताच्या वाळूत शिकलो, लाकडी पाटीवर.
शाई कोळशाची, डिंक घातलेली.
ओळ पाठ झाली की बाप पाटी धुवायचा
आणि ते काळं पाणी आम्ही प्यायचो.
कडू. थोडं खारट.
धुतलं म्हणजे हरवलं,
असं आमच्याकडे कुणी म्हणालं नाही.
धुतलं म्हणजे पोटात गेलं.

तिने हे टिपून घेतलं, तारखेसकट,
माझ्या नावातला एक ह गाळून.

मग चौथ्या ओळीत एक शब्द
मला येतो तसा नव्हता.
एकच.
मी दोनदा वाचला
आणि म्हणालो, डोळे चुरचुरतायत.

रात्री फोनवर वारा, बकऱ्या, बापाचा खोकला.
शब्द सांगितला. तो बराच वेळ गप्प.
"माझ्या गुरूंना सात पठणं यायची.
मला दोन. त्या बाईला किती?"
"तिला वाचता येतं."
"मग म्हणून दाखव तिला."

सकाळी, दिवा लागायच्या आधी,
मी अंधारातच सुरू केलं.
तिचा एक हातमोजा अर्धाच चढलेला राहिला.
चौथी ओळ आली, गेली.
तिथे मी कुठला शब्द म्हटला
ते तिने विचारलं नाही.
बापानेही.