कापून घ्या

खडकी शाखा, काउंटर तीन.
पानवलकर काका फॉर्म सरकवतात.
दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
कॉलरला अजून कडक इस्त्री.

परदेशात कुणी वारलंय, निपुत्रिक.
चाळीस कोटी, म्हणे, यांच्या नावावर.
आधी वकिलाचे सहा हजार गेले,
मग कस्टमचे अठरा,
आज शिक्क्याचे बावन्न.
"हे शेवटचे."

मी अडवलं नाही.
एवढंच म्हटलं, काका, त्यांना लिहा:
चाळीस कोटींतूनच कापून घ्या की बावन्न हजार.

हिशेबाचा माणूस. थांबले.
फॉर्मची घडी खिशात गेली.

सोमवारी पासबुक भरायला आले.
"उत्तर नाही आलं."
प्रिंटर करकरत होता.
"रोज यायचं हो.
प्रिय मित्र, तब्येत कशी आहे,
असं आधी विचारायचा."

मी पान उलटलं.
शिल्लक होती तेवढीच.